अळी एका घरात, ताप दुसऱ्या घरात

“आमच्या घरात कुठेही पाणी साचलेलं नाही. रोज फरशी पुसतो, संध्याकाळ झाली की खिडक्या लावतो. तरी डेंग्यू आमच्याच मुलाला कसा झाला?” पावसाळा निम्मा सरला की हा प्रश्न चाळीत, सोसायटीत, वाड्यात कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारी आई दवाखान्याच्या खेपांनी थकलेली असते, आणि तिचं म्हणणं बहुतेक वेळा खरंही असतं. घर स्वच्छ असतं. पाणी साचलेलं नसतं.

मग ताप आला कुठून? डेंग्यू हात लावल्याने होत नाही, खोकल्याने किंवा उष्ट्याने पसरत नाही. एका आजारी माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याला मध्ये जवळजवळ नेहमीच डास लागतो. म्हणजे त्या मुलापर्यंत दोन गोष्टी पोहोचल्या: एक डास आणि त्या डासाच्या पोटातला विषाणू. डास शेजारच्या गॅलरीत जन्मलेला असू शकतो. विषाणू तिसऱ्याच कुणाच्या रक्तातून आलेला असू शकतो, आणि त्या तिसऱ्याला आपण आजारी आहोत हे ठाऊकही नसेल. तिघांची एकमेकांशी ओळख नसली तरी तिघांच्या रोजच्या साध्या सवयी या एका तापात एकत्र आलेल्या असतात. त्या कशा, हे समजून घ्यायचं तर आधी डासाकडे नीट बघायला हवं.

शंभर मीटरचं जग

डेंग्यू पसरवणाऱ्या मुख्य डासाचं नाव एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर बारीक पांढऱ्या रेघा. गटारात आणि नाल्यात वाढणारा डास तो वेगळा. एडिसला माणसाने भरून ठेवलेलं स्वच्छ, स्थिर पाणी आवडतं. चावतो तोही दिवसा, मुख्यतः सकाळी उजाडल्यानंतरच्या दोन-तीन तासांत आणि सूर्य मावळण्याआधी. त्यामुळे संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या तरी हा डास बहुधा आधीच घरात असतो: पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, पडद्याच्या घडीत.

हा डास लांब उडत नाही. रक्त आणि पाणी जवळपास मिळत असेल तर बहुतेक माद्या सगळं आयुष्य शंभर मीटरच्या आत काढतात. थोड्या काहीशे मीटरपर्यंत जातात. म्हणून घरात चावलेला एडिस लांबच्या नाल्यावरून आलेला नसतो. तो आपल्या घरातला असतो किंवा शेजारच्या. ‘महापालिका काहीच करत नाही’ ही तक्रार कितीही रास्त असली, तरी या डासाचा जन्म बहुधा कुणाच्या तरी भिंतीआडच झालेला असतो.

चावते फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. ती बिचकते फार. घोट्याला चावली, आपण पाय झटकला की उडते आणि पलीकडे बसलेल्या आजीला चावते, तिथून हुसकावलं की बाळाला. एकदा पोट भरायला ती तीन-चार माणसांना चावू शकते. एकाच घरात दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोघे-तिघे तापाने पडतात, त्यामागे अनेकदा ही एकच मादी असते.

अंड्यांचंही तसंच. एका खेपेला साधारण शंभर अंडी, पण ती सगळी एका जागी घालत नाही. थोडी या पिंपात, थोडी पलीकडच्या कुंडीखालच्या ताटलीत, थोडी मागच्या अंगणातल्या टायरात. एका मादीची पिल्लावळ गल्लीतल्या चार-पाच घरांत वाढते. एकानेच भांडी रिकामी केली तरी काही अंडी जातातच, पण सगळी जात नाहीत.

यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट अशी: ही अंडी पाण्यावर नसतात. मादी ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. नुसत्या डोळ्यांना ती काळ्या बारीक कणांसारखी दिसतात; मळ समजून कुणी लक्ष देत नाही. आपण पिंप उपडं करतो, पाणी जातं, अंडी तिथेच राहतात. सुकली तरी मरत नाहीत. कोरड्या भांड्यात ती कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरून पातळी त्यांच्यापर्यंत चढली की फुटतात. म्हणून पिंप नुसतं ओतून चालत नाही, ते घासावं लागतं. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत, विशेषतः जिथवर पाणी असतं तिथली कड, खसखसून घासली तरच पुढची पिढी जाते.

दुसरी गोष्ट. एखाद्या वस्तीतली सगळी भांडी तपासली तर थोड्याफार अळ्या पुष्कळ ठिकाणी सापडतात. पण त्यातल्या बऱ्याच अळ्या उपाशी राहून मरतात. म्हणून कीटकतज्ज्ञ अळ्यांपेक्षा कोष मोजतात. कोष म्हणजे डास होण्याआधीची शेवटची अवस्था. ते मोजले की जगभर बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं: वस्तीतले बरेचसे कोष थोड्याच भांड्यांत असतात. मागच्या दाराचं मोठं पिंप, कधीच तळापर्यंत रिकामी न होणारी सिमेंटची टाकी, गच्चीवरचा झाकण फुटलेला ड्रम. अशा एका ड्रमातून अख्ख्या गल्लीला पुरतील एवढे डास निघतात. ‘मी एकट्याने काय फरक पडणार’ असं म्हणणाऱ्याच्याच घरी तो ड्रम असेल, तर फरक गल्लीएवढा पडतो. आणि तो कुणाच्या घरी आहे, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

सात ते दहा दिवस

आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यातून अळी, अळीपासून कोष आणि कोषातून डास या प्रवासाला सात ते दहा दिवस लागतात. शेवटचे साधारण दोन दिवस कोषाचे. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असं आरोग्य खातं सांगतं ते याच हिशोबाने. रोज पिंप घासायची गरज नाही. पण दर आठवड्याला ठरलेल्या वारी ते घासलं, तर त्या भांड्यातल्या कुठल्याच पिढीला पंख फुटत नाहीत. एक आठवडा चुकला तर ते आठवडाभराचे डास बाहेर पडतात, आणि त्यांना परत आत घालता येत नाही.

एकदा टॉर्च घेऊन पिंपात बघावं. उजेड पडला की पृष्ठभागाशी तिरकी लटकलेली अळी अंग वळवळवत तळाकडे जाते. अर्ध्या मिनिटात पुन्हा वर येते, कारण तिला शेपटीकडच्या नळीतून हवा घ्यावी लागते. कोष अळीपेक्षा जाड, डोक्याकडे फुगीर आणि पुढे वाकलेला असतो; तो खात नाही, पण हलतो. त्या पाण्यात वाटी बुडवून ती पांढऱ्या ताटलीत ओतली की सगळं स्पष्ट दिसतं. घरातल्या मुलांना हे एकदा दाखवा. पुढच्या आठवड्यात पिंपाची आठवण तीच करून देतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पाणी साठवणं ही कुणाची हौस नसते. चोवीस तास नळाला पाणी असेल तर घरात चार पिंपं कोण ठेवील? मराठवाड्यात, विदर्भात कित्येक गावांत पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. तेव्हा पुढच्या पाळीपर्यंत पुरेल एवढं पाणी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि आठ दिवस म्हणजे डासाला जन्म घ्यायला जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढेच. नियमित पाणीपुरवठा हा डेंग्यूवरचा उपाय आहे. तो मागण्याचा हक्क लोकांना आहे, आणि त्याची जबाबदारी गृहिणींवर ढकलता येणार नाही. तोवर जे हातात आहे ते एवढंच: पाणी भरलं की लगेच पिंपाच्या तोंडावर जुन्या सुती साडीचा किंवा पंचाचा तुकडा ताणून दोरीने घट्ट बांधायचा. सैल झाकण आणि कडेची फट डासाला पुरते.

> चौकट: कोरड्या दिवशी कुठे बघायचं?
> पिंप आणि माठ सगळ्यांना आठवतात. विसरतात ते असे: फ्रिजमागचा ट्रे, कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, पावसाळी ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी, पाला अडकलेली पन्हळ, अंगणातल्या करवंट्या, न वापरलेलं कमोड आणि त्याची फ्लशची टाकी. अळ्या असलेलं पाणी गटारात किंवा दुसऱ्या भांड्यात ओतू नये. कोरड्या मातीवर किंवा उन्हात तापलेल्या फरशीवर ओतावं. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर महापालिकेकडून किंवा आरोग्य केंद्रातून गप्पी मासे मिळतात. ते हौदातच सोडावेत. नदीत किंवा तळ्यात सोडले तर तिथल्या मूळ माशांना त्रास होतो.

विषाणू चालतो माणसाच्या पायांनी

डास शंभर मीटर उडतो, तर डेंग्यू एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात कसा जातो? तो जातो माणसाच्या रक्तातून. पेरूमधल्या इकितोस शहरात संशोधकांनी लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचा तपशील गोळा केला. तेव्हा दिसलं की संसर्गाचा धोका ठरवण्यात लोक कुणाकुणाच्या घरी जातात, याचा वाटा मोठा होता. नातलगांची घरं, मित्रांची घरं. आपल्याकडे डेंग्यूचा मोसम आणि गौरी-गणपतीचा मोसम एकच. अंगात कसकस असताना ‘जरा जाऊन येतो’ म्हणत पाच घरी दर्शनाला जाणारा माणूस पाच ठिकाणच्या डासांना आपलं रक्त देऊन येतो.

डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून असतो आणि ताप असेपर्यंत, कधी ताप उतरल्यावरही थोडे दिवस राहतो. या काळात चावलेल्या मादीच्या पोटात विषाणू जातो. तिथे तो वाढायला आणि तिच्या लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर ती मादी मरेपर्यंत ज्याला चावेल त्याला विषाणू देऊ शकते. चावल्यापासून नव्या माणसाला ताप यायला साधारण चार ते दहा दिवस.

यावरून एक साधी गोष्ट निघते आणि ती फार थोड्या घरांत पाळली जाते. डेंग्यूचा रुग्ण दिवसाही मच्छरदाणीत असावा. मच्छरदाणी लावायला सांगितलं की घरचे म्हणतात, ‘त्याला तर डेंग्यू झालाच आहे, आता मच्छरदाणी कशाला?’ ती त्याच्यासाठी नाहीच. ती त्याच्या बहिणीसाठी, खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीसाठी, समोरच्या आजोबांसाठी आहे. मच्छरदाणीत झोपलेल्या रुग्णाला चावता न आलेली प्रत्येक मादी ही पुढची एक थांबलेली वाट असते.

आणखी एक अडचण आहे. विषाणू अंगात गेलेल्या बहुतेकांना, साधारण चारातल्या तिघांना, लक्षणं दिसतच नाहीत किंवा अगदी किरकोळ कणकण येते. तरीही त्यांच्या रक्तातून डासाला संसर्ग होऊ शकतो. कंबोडियात केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दाखवलं गेलं. फक्त आजारी माणसाभोवती उपाय करून भागत नाही ते म्हणूनच. जो ठणठणीत आहे त्यानेही पिंप घासायचं, कारण आपण त्या चारातले कितवे, हे कुणालाच माहीत नसतं.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेला प्रकार पुन्हा होत नाही, पण बाकीचे तीन होऊ शकतात, आणि दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग जास्त गंभीर होण्याचा धोका असतो. म्हणजे शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी डेंग्यू होऊन गेला असेल, तर या वर्षी आपल्या पिंपातला डास त्याच्यासाठी जास्त घातक ठरू शकतो.

एकाचे दोन, दोनाचे चार

आता आकडे मांडून बघू. एका रुग्णाच्या तापापासून त्याच्यामुळे झालेल्या पुढच्या रुग्णाच्या तापापर्यंत दोन ते तीन आठवडे जातात. जूनअखेर ते ऑक्टोबरअखेर अशा सहा फेऱ्या सहज होतात. समजा, एका वस्तीत प्रत्येक रुग्णामागे सरासरी दोन नवे रुग्ण होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सहाव्या फेरीत ६४ आणि मोसमात एकूण १२६ नवे रुग्ण.

आता समजा, वस्तीतल्या काही घरांनी नेमाने कोरडा दिवस पाळला आणि डास चौथ्या हिश्शाने कमी झाले. सगळे नाहीत, फक्त चौथा हिस्सा. मग प्रत्येक रुग्णामागे दोनऐवजी दीड नवा रुग्ण. सहाव्या फेरीत ६४ ऐवजी ११ आणि मोसमात १२६ ऐवजी ३१. डास पाव हिश्शाने घटले आणि आजार तीन चतुर्थांश घटला. सावकाराच्या चक्रवाढ व्याजात दर थोडासा उतरला तरी शेवटी देण्याची रक्कम किती उतरते, हे कर्ज फेडलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथेही तेच. प्रत्यक्षात वस्ती इतकी सरळ वागत नाही. कुठे डास जास्त, कुठे माणसं आधीच आजार होऊन गेलेली. पण गणिताची दिशा हीच राहते.

प्रत्येक रुग्णामागच्या नव्या रुग्णांचा आकडा एकाच्या खाली आला, म्हणजे दहा रुग्णांमागे नऊच नवे झाले, की साथ आपोआप विझत जाते. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी हाच मुद्दा मांडला होता: आजार थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेच्या खाली आणावी लागते. त्यांच्या काळच्या अनेकांना ते पटलं नाही.

डासाचं वय हाही या हिशोबाचा भाग आहे. विषाणू पोटात गेल्यावर मादी आणखी आठ ते बारा दिवस जगली तरच ती धोकादायक ठरते. रोज दहातल्या नऊ माद्या जगत असतील, तर दहा दिवसांनी शंभरातल्या ३५ उरतात. रोज दहातल्या आठच जगल्या, तर उरतात जेमतेम ११. पडदे झटकणं, खुंटीवरचे कपडे आवरून ठेवणं, खिडकीला जाळी बसवणं, बॅटने चार डास मारणं ही कामं किरकोळ वाटतात, पण ती याच जागी उपयोगी पडतात.

धूरफवारणीचं मात्र लोकांना नको इतकं अप्रूप आहे. धूर मारतो तो त्या वेळी उडत असलेल्या डासांना, आणि एडिस तर पलंगाखाली बसलेला असतो. पिंपातल्या कोषांना धुराने काहीच होत नाही. उद्या सकाळी नवे डास तयार. साथ भडकली असताना फवारणीला जागा आहे, पण फवारणीची गाडी येऊन गेली म्हणून पिंप घासायचं राहिलं तर नुकसानच जास्त.

हवाना, सिंगापूर, मानाग्वा

हे सगळं कागदावरचं नाही. याच एडिसमुळे पीतज्वरही पसरतो. क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच या डासावर बोट ठेवलं होतं. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोगांनी ते सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी विल्यम गॉर्गस यांच्या देखरेखीखाली हवाना शहरात घरोघरी तपासणी सुरू झाली. पाण्याची पिंपं झाकायला लावली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतलं, ज्यांच्याकडे अळ्या सापडल्या त्यांना दंड केला. त्या काळी पीतज्वराची लस नव्हती, औषध नव्हतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या शहराला छळणारा आजार १९०१ मध्येच हवानातून गेला.

सिंगापूरचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आणि म्हणून जास्त शिकवणारं. १९६०च्या दशकात तिथल्या जवळजवळ निम्म्या घरांत एडिसच्या अळ्या सापडत. १९६८ मध्ये कायदा झाला, घरोघरी तपासणी सुरू झाली, आणि १९७०च्या दशकात ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं. पुढे दीडएक दशक डेंग्यू आटोक्यात राहिला. पण त्यानंतर तो पुन्हा वाढला. एक कारण असं की त्या काळात मोठी झालेली पिढी डेंग्यूला कधी सामोरीच गेली नव्हती. तिच्यात प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे थोडे डासही पुरेसे ठरू लागले. दुसरं, घरं स्वच्छ झाली तशी लागण घराबाहेर, शाळा आणि कामाच्या जागी होऊ लागली. घराइतकंच कार्यालय, शाळा, बांधकामाची जागा यांनीही कोरडा दिवस पाळायला हवा, हा त्याचा अर्थ.

मला सगळ्यात आशादायक वाटतो तो निकाराग्वाची राजधानी मानाग्वा आणि मेक्सिकोचं गेरेरो राज्य इथला प्रयोग. एकूण १५० वस्त्या घेतल्या आणि त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या काढल्यासारख्या निवडल्या. तिथे स्थानिक स्वयंसेवक घरोघरी गेले. त्यांनी कीटकनाशक वाटलं नाही. घरातल्या माणसांबरोबर त्यांच्याच पाण्यातल्या अळ्या शोधल्या आणि पुढे काय करायचं ते वस्तीला ठरवू दिलं. कुठे झाकणं आली, कुठे मासे सोडले. मोसमाच्या आधी आणि नंतर मुलांच्या लाळेची तपासणी केली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या वस्त्यांतल्या मुलांमध्ये डेंग्यूची लागण सुमारे ३० टक्क्यांनी कमी. सरकारी फवारणी आणि पाण्यातलं अळीनाशक औषध दोन्हीकडे चालूच होतं; हा फरक त्याच्या वरचा. म्हणजे लोकांच्या हाताचा.

गच्चीची किल्ली कुणाकडे?

आपल्या शहरांत खरी अडचण येते ती जिथे कुणाचाच हात पोहोचत नाही तिथे. बंद फ्लॅट, ज्याचे मालक परगावी किंवा परदेशी आहेत आणि ज्याच्या गॅलरीत तीन कुंड्या आहेत. गच्ची, जिची किल्ली एकाकडे आणि झाकण फुटल्याची तक्रार दुसऱ्याकडे. रस्त्यालगतचं टायरचं दुकान. सोसायटीने कोरड्या दिवसाचा वार ठरवून फलकावर लिहिला, गच्ची आणि बंद घरं बघायची जबाबदारी एकाच्या नावावर टाकली, आणि लांब जाणाऱ्याने ताटल्या उपड्या करून, कमोडचं झाकण लावून, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली, तर ही बरीचशी भोकं बुजतात. आशाताई किंवा महापालिकेची कर्मचारी दारात आली की तिला बाहेरूनच ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून परत पाठवू नये. तिने फ्रिजमागे बघू का विचारलं तर बघू द्यावं. रोज शेकडो भांडी बघणाऱ्या तिच्या नजरेला आपल्याला न दिसणारं दिसतं.

आणि हे काम पावसाची वाट बघत लांबवण्याचं नाही. गेल्या मोसमात घातलेली काही अंडी मे महिन्यातही कोरड्या ड्रमच्या आतल्या कडेला चिकटून जिवंत असतात. पहिल्या सरीने ड्रम भरायच्या आधी ती कड घासली, तर त्या ड्रमातून निघणारी पहिली पिढी जन्मालाच येत नाही, आणि वरच्या गणितातल्या सहा फेऱ्यांपैकी पहिली फेरी तिथेच उशिरा सुरू होते.